१४३ गुणांचं घर

नेदरलँड्समधल्या हेग शहरात भाड्याचं घर शोधायचं तर आधी पायाखालची जमीन पाहावी, कारण या शहराची फाळणी जमिनीनेच केली आहे. समुद्राकडचा भाग जुन्या वाळूच्या टेकाडांवर उभा, कोरडा आणि उंच. आतल्या बाजूचा भाग पीटवर, म्हणजे शतकानुशतकं कुजत गेलेल्या पाणवनस्पतींच्या काळ्या, मऊ, ओलसर जमिनीवर. ऐपतवाले वाळूवर राहिले, कामकरी पीटवर. वाळूवरचा तो हागेनार आणि पीटवरचा तो हागेनेस, असं तिथली माणसं अजूनही चेष्टेत म्हणतात, आणि सगळीच चेष्टा नसते. दोन्हींमधली सीमा म्हणून लान फान मेरडरफोर्ट या लांबलचक रस्त्याकडे बोट दाखवायची रीत आहे.

ट्रान्सवाल ही वस्ती या रस्त्याच्या पीटकडच्या बाजूला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उभी राहिली तेव्हा दक्षिण आफ्रिकेतलं बोअर युद्ध ताजं होतं आणि डच लोकांची सहानुभूती बोअरांच्या, म्हणजे तिथे वसलेल्या डच वंशाच्या लोकांच्या बाजूची. म्हणून इथले रस्ते क्रूगर, स्टेइन, डे ला रे अशा बोअर पुढाऱ्यांच्या नावाचे. यातली मौज आपल्याला जास्त कळावी. पॉल क्रूगर दक्षिण आफ्रिकेतल्या मूळ ट्रान्सवालचा अध्यक्ष असताना १८८५ साली तिथे एक कायदा झाला. हिंदी माणसाने घर-जमीन विकत घ्यायची नाही, असं त्यात होतं. गांधीजी ज्या ट्रान्सवालात पुढे सत्याग्रह करायला उभे राहिले, त्या झगड्याच्या मुळाशी असे कायदे होते. आज हेगमधल्या पॉल क्रूगरलानवर साड्यांची, सोन्याची, पूजासाहित्याची दुकानं आहेत, आणि त्यांचे मालक बहुतेक सुरिनामी हिंदुस्तानी. १८७३ साली 'लाला रूख' जहाजाने कलकत्त्याहून सुरिनामला गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांची आणि त्यांच्यामागून गेलेल्यांची ही नातवंडं-पतवंडं. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास यांतले हजारो नेदरलँड्सला आले. घरच्या वडीलधाऱ्यांची सरनामी बोली भोजपुरीच्या अंगाने जाते. आपण हिंदीत विचारलं तर पुष्कळदा उत्तर डचमध्ये येतं, पण भाव मात्र समजतो.

आपल्याकडून नोकरीसाठी जाणारी मंडळी शक्यतो आम्सतेलफेन किंवा आइंडहोवेन गाठतात, आणि हेगला आलीच तर 'ट्रान्सवाल आणि शिल्डर्सवाइक नको' एवढा सल्ला सोबत घेऊन येतात. सल्ला देणाऱ्याने तिथे बहुधा एक रात्रही काढलेली नसते. कचरा, गोंगाट, रात्री चौकात घुटमळणारी पोरं, हे सगळं आहे, नाही असं नाही. पण भाड्याच्या हिशेबात ही बदनामी आकड्याच्या रूपाने येते आणि तो आकडा भाडेकरूच्या बाजूने पडतो, हे त्या सल्ल्यात कधी नसतं.

डच भाडेकायद्यात घराला गुण दिले जातात. परीक्षेच्या पेपरासारखेच. राहत्या खोल्यांच्या प्रत्येक चौरस मीटरला १ गुण, अडगळीच्या खोलीला किंवा कोठाराला मीटरमागे पाऊण. तापवता येणाऱ्या प्रत्येक खोलीचे २. स्वयंपाकघराचा ओटा एक मीटरपेक्षा आखूड असेल तर शून्य, एक ते दोन मीटर असेल तर ४, त्याहून लांब असेल तर ७. संडासाचे ३, शॉवरचे ४, बेसिनचा १. स्वतःची गॅलरी किंवा बाग असेल तर सुरुवातीचे २ आणि पुढे मीटरमागे ०.३५. बाहेर पाय ठेवायला जागाच नसेल तर ५ गुण वजा. घर किती ऊर्जा खातं ते सांगणाऱ्या ऊर्जेच्या लेबलला वेगळे. ए लेबल असेल तर तिसाहून जास्त गुण चढतात, जी असेल तर १५ कापले जातात. आणि शेवटी वोझचे गुण. वोझ म्हणजे नगरपालिका दरवर्षी ठरवते ती घराची किंमत, आणि बदनामी शिरते ती इथून. तेच क्षेत्रफळ, तोच ओटा, तीच गॅलरी घेऊन घर वाळूवर नेलं की वोझ वाढते, गुण वाढतात, कायदेशीर भाडं वाढतं. पीटवर आणलं की उतरतं. शेजाऱ्यांबद्दल शहराचं मत काय आहे, ते चौरस मीटरच्या शेजारी बेरजेत येऊन बसतं.

ट्रान्सवालमधलं एक नेहमीचं जुनं घर घेऊ. खोल्या मिळून ५८ चौरस मीटर, म्हणजे ५८ गुण. सहा मीटरचं कोठार, साडेचार. चार खोल्यांत रेडिएटर, ८. ओटा एक मीटर ऐंशी, म्हणजे ४. संडास, शॉवर, बेसिन मिळून ८. चार मीटरची गॅलरी, ३.४. बेरीज ८५.९. लेबल जी, त्याचे १५ गेले, उरले ७०.९. वोझचे समजा ३५ धरले, तर १०६च्या आसपास. आता पायऱ्या पाहा. १४३ गुणांपर्यंतचं घर सामाजिक भाड्याच्या पट्ट्यात येतं आणि २०२५ साली करार केला तर त्याचं मूळ भाडं महिना ९००.०७ युरोंच्या वर जाऊ शकत नाही. १४४ ते १८६ मध्यम पट्टा, कमाल ११८४.८२ युरो. १८७ पासून पुढे मालक मोकळा. ही कमाल दरवर्षी १ जानेवारीला थोडी वर सरकते. आपल्या १०६ गुणांच्या घराचं कायदेशीर भाडं सातशे युरोंच्या आत राहतं. जाहिरातीत मात्र ते साडेतेराशेला लागलेलं असतं, आणि घर पाहायला चाळीस माणसं रांगेत असतात.

ही मोजणी पूर्वीपासून होती, पण खालच्या पट्ट्याच्या वर तिला धार नव्हती. मालकाने गुण जरा ताणले की घर मोकळ्या बाजारात पोहोचायचं. १ जुलै २०२४ पासून मध्यम पट्टाही कायद्याने बांधला गेला, आणि १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येक नव्या करारासोबत गुणपत्रक जोडणं मालकावर बंधनकारक झालं. ते मिळालं नाही तर मागावं, आणि मिळालं तर तपासावं. वोझची किंमत वोझवार्डेलोकेट या सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाकून कोणालाही फुकट पाहता येते, ऊर्जेचं लेबल ईपी-ऑनलाइनवर. राहिलेली मोजणी टेपने. मालकाच्या कागदावरच्या आणि जमिनीवरच्या चौरस मीटरमध्ये फरक पडतो तो बहुतेक वेळा पोटमाळ्यात आणि उतरत्या छपराखाली, जिथे माणूस ताठ उभा राहू शकत नाही तो भागही मोजलेला असतो.

कायद्याची दुसरी बाजूही लपवण्यात अर्थ नाही. भाडं बांधलं गेल्यावर पुष्कळ खाजगी मालकांनी भाडेकरू गेला की घर विकून टाकायला सुरुवात केली. याला तिथे आउटपोंडन म्हणतात. ज्याला घर मिळालं त्याचं भाडं उतरलं, ज्याला मिळायचं होतं त्याच्यापुढची रांग लांबली. नव्याने येणाऱ्याला दुसरीच बाजू आधी दिसते.

सामाजिक भाड्याची बहुतेक घरं गृहनिर्माण संस्थांकडे असतात. हेगच्या परिसरात त्यांची नोंदणी वोननेट हाग्लांडेनवर होते. २०२५ साली एकट्या माणसासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४९,६६९ युरो होती, एकापेक्षा जास्त माणसांच्या घराला ५४,८४७. नोंदणीची वर्षं मोजली जातात, म्हणून घर लगेच मिळणार नसलं तरी आल्या आल्या नाव घालून ठेवावं. पाच वर्षांनी संसार वाढलेला असतो तेव्हा त्या तारखेची किंमत कळते. खाजगी मालकाचं घर असलं तरी हेगमध्ये स्वस्त आणि मध्यम भाड्याच्या बऱ्याच घरांना नगरपालिकेचा राहण्याचा परवाना लागतो आणि तो उत्पन्न पाहून दिला जातो. दोघे कमावते असाल तर उत्पन्न जास्त झालं म्हणून घर हातचं जाऊ शकतं. हा धक्का पुण्या-मुंबईहून आलेल्याला पचायला वेळ लागतो. परवान्याची चौकशी सहीच्या आधी करावी, नंतर नाही.

जाहिरातीचे तीन डच शब्द नीट वाचता आले पाहिजेत. 'काल' म्हणजे शब्दशः बोडकं. फरशी नाही, पडदे नाहीत, दिव्याच्या जागी छतातून लोंबणारी वायर, कधीकधी भिंतीवर वॉलपेपर ओरबाडल्याचे व्रण. खेस्टोफेर्ड म्हणजे जमीन आणि पडदे आहेत, बाकी आपलं आपण. खेमेउबिलेर्ड म्हणजे खाटेपासून चमच्यापर्यंत. बोडकं घर स्वस्त दिसतं, पण जमिनीचा खर्च डोक्यात धरा. वरच्या मजल्यावर लॅमिनेट घालायचं तर खाली आवाज शोषणारा थर हवा. इमारतीच्या मालक-संघाच्या नियमात पावलांचा आवाज १० डेसिबलने कमी करणारा थर लागेल असं सहसा लिहिलेलं असतं, आणि जुन्या घरांत मजले लाकडी तुळयांचे असल्यामुळे तो नियम नुसता कागदी नाही. तुमची पहाटेची चाल खालच्याला मोजता येते. जुना भाडेकरू जमीन, पडदे, कपाटं 'घ्या' म्हणून मागे लागला तर वस्तू पाहून वाजवी किंमतच द्यावी. घर मिळवून देण्याची ती छुपी दलाली असू शकते.

दलालीचंही तसंच. एजंट मालकासाठी काम करत असेल तर त्याने भाडेकरूकडून शुल्क घेणं बेकायदा आहे, मग त्याला करार-खर्च म्हणा की नोंदणी-खर्च. अनामत मूळ भाड्याच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त नाही, हे १ जुलै २०२३ पासून ठरलेलं आहे. घर सोडल्यावर ती १४ दिवसांत परत यायला हवी, काही कापायचं असेल तर ३० दिवसांत, हिशेबासह. भाड्याच्या साडेतीन-चारपट पगार मागतात, सोबत नोकरीचा करार, नोकरी देणाऱ्या कंपनीचं पत्र, तीन पगारपावत्या. पासपोर्टची प्रत देताना सरकारच्या कोपीआयडी अॅपने क्रमांक झाकून आणि कशासाठी दिली ते वर लिहूनच द्यावी. मालक परदेशी आहे, किल्ल्या टपालाने येतील, आधी पैसे भरा, असं कोणी म्हणालं तर संभाषण तिथेच संपवावं. थोड्या युरोंत कडास्टर या जमीन-नोंदणी कार्यालयाकडून घर कोणाच्या नावावर आहे ते समजतं. आणि या पत्त्यावर नगरपालिकेत नाव नोंदवता येणार नाही असं लिहिलेलं घर कितीही गोंडस असलं तरी सोडून द्यावं. नोंदणीशिवाय बीएसएन, म्हणजे सरकारी नागरिक क्रमांक नाही, आणि बीएसएनशिवाय बँक, विमा, पगार सगळंच लटकतं. देशात आल्यावर पाच दिवसांत ही नोंदणी करायची असते.

आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या लीव्ह-अँड-लायसन्सची सवय असलेल्याला इथला करार उलटा वाटतो. १ जुलै २०२४ पासून बेमुदत करार हाच नियम, मुदतीचा करार मोजक्या अपवादांसाठी. भाडेकरूने सोडायचं तर एक महिन्याची सूचना पुरते. मालकाला निदान तीन महिने द्यावे लागतात, शिवाय कायद्यात बसणारं कारण. फक्त दोन कलमं शोधावीत. पहिल्या वर्षात सोडता येणार नाही असं लिहिलेलं असतं, आणि मालक स्वतःचं राहतं घर काही काळापुरतं देत असेल तर परत आल्यावर ते मागून घेण्याचं कलम असतं. नंतरचं कलम असेल तर 'बेमुदत' शब्दावर फार विसंबू नये. भाडं, वीज-गॅस, फर्निचर सगळं मिळून एकच गोल आकडा सांगणारा मालक मात्र स्वतःचाच पाय कुऱ्हाडीखाली ठेवतो. हूरकोमिसी, म्हणजे सरकारी भाडे-आयोग, भाडेकरूच्या अर्जावरून असा आकडा फोडू शकतो, आणि मग मूळ भाडं त्या आकड्याच्या ५५ टक्के आणि सेवाखर्च २५ टक्के धरला जातो. राहिलेले २० टक्के मालकाने हिशेब न दिल्याची शिक्षा.

या आयोगाबद्दल आपल्या लोकांत एक भीती असते, की तक्रार केली तर मालक बाहेर काढेल. बेमुदत करार असताना तसं काढता येत नाही. गुण जास्त लावलेत असं वाटलं तर करार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. शुल्क २५ युरो, जिंकलं तर परत. तपासनीस घरी येतो, मोजतो, आणि निकाल भाडेकरूच्या बाजूने लागला तर भाडं कराराच्या पहिल्या दिवसापासून उतरतं. सहा महिने उलटले तरी खालच्या आणि मध्यम पट्ट्यात गुणांच्या आधारे भाडं उतरवायला मागता येतं, पण मग ते पहिल्या दिवसापासून उतरत नाही. पहिले सहा महिने माणूस सायकल, शाळा, दंतवैद्य यांत बुडालेला असतो, आणि अर्ज नेमका त्यातच राहून जातो. कागद समजत नसतील तर युरिडिश लोकेटमध्ये कायद्याचा सल्ला फुकट मिळतो.

घर पाहायला जायचं तर जूनमध्ये जाऊ नका म्हणणं सोपं आहे, पण निवड कुठे असते. मग डोळे ओल शोधायला लावावेत. १९२०च्या आधीच्या घरांत बाहेरच्या भिंती बऱ्याचदा एकसंध विटांच्या, मध्ये हवेची पोकळी नाही. काचा एकेरी असतील तर थंडीत त्यांच्यावर दव धरतं आणि खिडकीच्या चौकटीचं लाकूड खालून कुजतं. नखाने दाबून पाहावं. बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट हलवायला सांगावं, बुरशी त्याच्यामागे असते. ताज्या पांढऱ्या रंगाचा एकच कोपरा दिसला तर रंगाखाली काय आहे ते विचारावं. मालक म्हणेल, तुम्ही भारतीय फार शिजवता, खिडक्या उघडत नाही. अर्धं खरं असतं. शिजवताना वाफ होते आणि ती बाहेर गेली पाहिजे. पण थंड पडलेल्या भिंतीवर दव धरतं ते भिंतीच्या बांधणीमुळे, आणि बांधणी मालकाची. ओल, गळती, बंद पडलेली उष्णता हे दोष लेखी कळवावेत, फोटोसह, तारखेसह. सहा आठवड्यांत दुरुस्ती झाली नाही तर पुन्हा तोच आयोग. त्यांच्या दोष-पुस्तकात दोषांचे तीन वर्ग आहेत. सर्वांत गंभीर असेल तर दुरुस्ती होईपर्यंत भाडं २० टक्क्यांवर, पुढच्या वर्गांत ३० आणि ४० टक्क्यांवर येऊ शकतं.

उलट काही कामं भाडेकरूचीच. बॉयलरचा काटा १ बारच्या खाली गेला की नळी लावून पाणी भरणं, दीडच्या आसपास थांबणं, आणि वरचा भाग गार राहणाऱ्या रेडिएटरमधली हवा किल्लीने सोडणं. नळी आधी पाण्याने भरून घ्यावी, नाहीतर तिच्यातली हवाच आत ढकलली जाते आणि रेडिएटर रात्रभर गुळण्या करतो. बॉयलरची वार्षिक देखभाल मात्र मालकाची. आत शिरतानाची पाहणी लिहून, दोघांच्या सहीने करावी. ती केलेलीच नसेल तर घर सोडताना ते जसं आहे तसंच मिळालं होतं असं कायदा धरून चालतो, आणि ते भाडेकरूच्या पथ्यावर पडतं. म्हणून पाहणी आळसाने टाळणाऱ्या मालकाला फार आग्रह करू नये, फोटो तेवढे काढून ठेवावेत.

सामान चढवणं हे वेगळंच प्रकरण. हेगचं जुनं पोर्तीक म्हणजे रस्त्यावरून थेट पहिल्या मजल्याला जाणारा उघडा दगडी जिना, वर लहानसं सज्ज्यासारखं अंगण, त्यात ओळीने दारं. यातल्या काही दारांच्या मागे लगेच दुसऱ्या मजल्याचा शिडीसारखा उभा जिना सुरू होतो. तीन माणसांचा सोफा त्या वळणावर अडकतो. पुढच्या खिडकीतून चढवायचा तर बाहेरून लावायची सामानाची लिफ्ट तासांवर भाड्याने मिळते. खिडकीचा उघडणारा भाग आधी मोजावा.

फोडणीचा प्रश्न या वस्तीत तुलनेने सोपा आहे. शेजारी सुरिनामी, तुर्की, मोरोक्कन, पोलिश असतात आणि कांदा-लसणाच्या वासाने कोणी दचकत नाही. पण एक चूक तिथेही शेजार बिघडवते. नव्या इमारतींत सगळ्या मजल्यांची हवा एका सामायिक वाहिनीने वर ओढली जाते. त्या वाहिनीला मोटर असलेला धुराडा जोडला की तुमचा मोहरी-हिंगाचा धूर वरच्याच्या न्हाणीघरात निघतो. तिथे बिनमोटरचा किंवा कोळशाच्या चाळणीचा, हवा आतच फिरवणारा लागतो. इंडक्शनची शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर नेऊन उपयोग नाही. आणि जुन्या घरात इंडक्शन स्वतः बसवायचं ठरवलं तर आधी मीटरच्या कपाटात डोकावावं. स्वयंपाकासाठी वेगळी लाइन नसेल तर वीजतंत्री बोलवावा लागतो, आणि त्याआधी मालकाची लेखी परवानगी.

हाग्से मार्क्त हा मोठा उघडा बाजार ट्रान्सवाल आणि शिल्डर्सवाइकच्या सीमेवर भरतो, सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. चवळीच्या लांब शेंगा, भेंडी, कारली, कोथिंबिरीच्या खऱ्याखुऱ्या जुड्या. दुकानात प्लॅस्टिकच्या खोक्यात चार काड्या मिळतात त्या नव्हेत. बाजार उठायच्या वेळी भाव पडतात आणि सीगल खाली उतरतात. हेगचे सीगल हा वेगळा उपद्रव आहे. कचऱ्याची पिशवी रात्री रस्त्यावर ठेवली तर सकाळी तिच्यातलं सगळं पोर्तीकच्या पायऱ्यांवर पसरलेलं मिळतं. जिथे जमिनीखालची कचरापेटी आहे तिथे पिशवी त्यातच टाकायची. ती तुंबली असेल तर बाजूला न ठेवता पुढच्या पेटीपर्यंत चालत जायचं, किंवा पिशवी परत वर न्यायची.